भाऊबिजेची वाट आणि एक ऑइल सील

आमच्या घरी दोन वर्तमानपत्रे लागतात, एक वाचायला आणि एक गाडीखाली अंथरायला, असे आमच्या सोसायटीतले लोक म्हणत. ते अगदीच खोटे नव्हते. वर्तमानपत्र एकच येई. पण आज वाचलेले उद्या सकाळी गाडीखाली जाई, आणि संध्याकाळी कॉलेजातून परतलो की मी ते ओढून त्यावरचा काळा डाग पाही. सुरुवातीला तो डाग रुपयाच्या नाण्याएवढा होता. वर्षभरात तो बशीएवढा झाला.

गाडी लहानशी, पेट्रोलवर चालणारी, दहा वर्षांची. तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही. तक्रार करायची तर तिनेच माझ्याविषयी करावी. पुण्यातल्या आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याने पहिल्याच महिन्यात मला सांगितले होते, "सर, मागचं ऑइल सील गेलंय. सील पाचशे-साडेपाचशेचं आहे. पण त्याच्यापर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. सगळे मिळून सहा हजार धरा."

पाचशेच्या वस्तूला सहा हजार! मराठी शिकवणाऱ्या माणसाला हा हिशेब पटणे कठीण. मी मान डोलावली, "पुढच्या महिन्यात बघू," म्हणालो, आणि दुकानातून गळती थांबवणाऱ्या औषधाची चारशे रुपयांची बाटली घेऊन आलो. ती तेलात ओतली. पंधरा दिवस डाग लहान झाला आणि मग पूर्वीपेक्षा मोठा झाला. अशी औषधे म्हाताऱ्या रबराला थोडे फुगवतात आणि मऊ करतात. झिजलेली कड काही ती परत आणत नाहीत, हे मला पुढे कळले. मग मी दर महिन्याला अर्धा लिटर तेल वरून घालू लागलो. थेंबे थेंबे तळे साचे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. थेंबे थेंबे तळे आटतेही, हे मात्र कोणी सांगत नाही. साधारण वीस थेंबांचा एक मिलीलिटर होतो. म्हणजे माझी गाडी महिन्याला दहा हजार थेंब गाळत होती, आणि मी दहा हजार वेळा "पुढच्या महिन्यात" म्हणत होतो.

याच वर्षात वैशाखात मामाचा फोन आला. माझ्या आईचे माहेर वैभववाडी तालुक्यात, गगनबावड्याचा घाट उतरला की तासाभराच्या वाटेवर. मामा म्हणाला, "आंबे उतरवलेत. ताईला घेऊन ये." मी म्हणालो, "गाडीचं जरा काम निघालंय मामा, ते झालं की येतोच." आषाढात मामा गेला. बाराव्याला मी एकटाच एस. टी.ने जाऊन आलो. आईचे गुडघे त्या पावसात एवढा प्रवास झेपण्याजोगे राहिले नव्हते. ती मला काही बोलली नाही. फक्त दिवाळीच्या महिनाभर आधी एवढेच म्हणाली, "यंदा भाऊबिजेला मला तिकडे नेशील का?"

आमच्याकडे ज्या घरात माणूस गेलेले असते, त्या घरी पहिल्या दिवाळीला कढई चढत नाही. फराळ नातेवाइकांनी न्यायचा. आणि जिला भाऊ नाही, तिने भाऊबिजेला चंद्राला ओवाळायचे. शहात्तर वर्षांत आईवर ही पाळी प्रथमच येत होती. तो चंद्र तिला माहेरच्या अंगणातून ओवाळायचा होता. द्वितीयेची कोर ती. सूर्य बुडाला की पश्चिमेला कशीबशी तासभर दिसते आणि मावळते. तेव्हा दिवेलागणीच्या आत पोचणे भाग होते.

पाडव्याच्या पहाटे आम्ही निघालो. मागे चकली, अनारसे आणि करंज्या यांचे दोन मोठे डबे, आईजवळ तबक आणि निरांजन. आदल्या दिवशी तेलाची पातळी मी स्वतः डिपस्टिकवर पाहून पुरी केली होती. तेवढ्यावर माझे मन स्वस्थ होते.

खंबाटकीच्या घाटात ते स्वास्थ्य संपले. चढावर मी पाय दाबला की इंजिन मोठ्याने ओरडे, पण गाडीचा वेग वाढत नसे. शिवाय जळक्या वासाचा एक भपकारा आत आला. हिने विचारले, "काय जळतंय?" मी म्हणालो, "पुढच्या ट्रकचा असेल." खोटे बोलताना आपण नेहमी पुढच्या ट्रकचा आधार घेतो. साताऱ्यापुढे सपाटी लागली, वास कमी झाला. कऱ्हाड गेले, किणीचा टोलनाका गेला, आणि शिरोलीजवळ पंचगंगेचा पूल ओलांडताना मी मनाशी कबूल केले, की या गाडीने गगनबावडा करणे शहाणपणाचे नाही.

कोल्हापुरात माझा एक जुना विद्यार्थी शिक्षक आहे. त्याला फोन केला. पंधरा मिनिटांत तो मोटारसायकलवर आला आणि म्हणाला, "चला सर, उद्यमनगरात. पाडवा हाय, पण आमचं मेस्त्री घरात बसायचं न्हाईत."

कोल्हापूर म्हटले की आपल्याला अंबाबाई आठवते, रंकाळा आठवतो, तांबडा-पांढरा आठवतो. शिवाजी उद्यमनगर पाहायला कोणी मुद्दाम जात नाही. मला नाइलाजाने जावे लागले, आणि कोल्हापूर मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने दिसले. लहान लहान शेड, एकाला लागून एक. कोणाकडे लेथ, कोणाकडे ड्रिल, कोणाकडे नुसता ऐरण-हातोडा. सणामुळे बहुतेक शटर खाली होती. एरवी इथे म्हणे शेजारच्या माणसाशी बोलायचे तर ओरडावे लागते. उघड्या असलेल्या एका शेडमध्ये लेथच्या मानेवर झेंडूच्या दोन माळा होत्या. एक खंडेनवमीची, वाळून तपकिरी झालेली, आणि एक कालच्या लक्ष्मीपूजनाची, ताजी. लोखंडाच्या किसावर हळदीकुंकू पडले होते. ओतकामासाठी आणि सुट्या भागांसाठी हे शहर देशभर ओळखले जाते, त्याचे मूळ या गल्ल्यांत आहे. बाबुराव पेंटरांनी सिनेमा काढायचे ठरवले तेव्हा त्यांनी कॅमेरासुद्धा कोल्हापुरातच घडवला. १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. १९२९ साली प्रभात फिल्म कंपनीही याच गावात निघाली आणि १९३३ साली पुण्याला गेली. आम्हां पुणेकरांना प्रभात आमचीच वाटते. पण तिचा जन्म जिथे झाला, त्या गावाला यंत्र उघडून आत बघायची खोड आधीपासूनची आहे.

मेस्त्री साठीचे, अंगात पाडव्याचा नवा सदरा. त्यांनी तो काढून खिळ्याला अडकवला, जुना शर्ट चढवला आणि गाडीखाली शिरले. बाहेर आले ते बोटावर तेलाचा थेंब घेऊन. तो त्यांनी चिमटीत चोळला, नाकाशी नेला.

"इंजिनाचंच हाय. गिअरचं असतं तर उग्र वास मारला असता."

मी लगेच म्हणालो, "मागचं सील गेलंय. पुण्यात सांगितलं होतं."

"सांगितलं असंल. पर आपण बघितल्याबिगर कसं म्हणायचं?" असे म्हणून त्यांनी इंजिनाची वरची बाजू पुसून कोरडी केली, गाडी चालू ठेवली आणि बॅटरी घेऊन वरून खाली पाहत आले. तेल नेहमी खाली आणि वाऱ्याने मागे पळते. म्हणून जिथे ते टपकते तिथेच गळती असते असे नाही. ओल सर्वांत वर जिथे दिसते, तिथे चोर असतो. पुष्कळदा वरच्या झाकणाचे शेदोनशेचे पॅकिंग गेलेले असते, तेल मागून ओघळते, आणि मालक उगाच गिअरबॉक्स उतरवून बसतो. आमचे वरचे झाकण मात्र कोरडे ठणठणीत निघाले. ओल होती ती इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यात.

मग त्यांनी चालू इंजिनाचे तेलाचे झाकण उघडले. आतून भक्‌ भक्‌ धूर आला. "ह्ये बगा खरं दुखणं. ब्रीदर तुंबलाय. इंजिनाला श्वास सोडायला जागा न्हाई. मग त्यो दाब सीलावर येतोय. नुसतं सील बदलून दिलं असतं तर सहा म्हैन्यांत परत गळलं असतं. गाडी कुठवर चालवता रोज?"

"कॉलेजपर्यंत. तीन किलोमीटर."

"आन् तेल कवा बदललं हुतं?"

मी गप्प राहिलो. वरून नवे तेल घालतच असल्यामुळे बदलायची गरज नाही, अशी माझी समजूत होती. तीन किलोमीटरांत इंजिन पुरते तापत नाही, ओलावा उडून जात नाही, जुन्या तेलाची डांबरासारखी साय धरते, आणि ती ब्रीदरचा व्हॉल्व्ह बुजवते. हा धडा मला पाडव्याच्या मुहूर्तावर मिळाला.

"आता कसं करायचं?" मी विचारले. "उद्या संध्याकाळच्या आत आम्हांला गगनबावडा उतरून जायचंय. आजच्यापुरती तशीच नेली तर?"

मेस्त्री हात पुसत म्हणाले, "उतरताना काय हुणार न्हाई, सर. इंजिनच गाडी धरून ठेवंल. पर येताना चढ हाय. तेल क्लचवर गेलंय. चार मानसं, सामान, आन् अंधार पडल्यावर मधल्याच वळणाला प्लेट सटकली, तर आज्जींना घिऊन कुठं उभं ऱ्हाणार?"

मी आईकडे पाहिले. ती शेडच्या दारात खुर्चीवर बसून लेथवरची माळ पाहत होती. हिने सुचवले, की भाड्याची गाडी करून जावे. विद्यार्थ्याने दोन-तीन ठिकाणी फोन लावले. सणाच्या दिवशी एकही ड्रायव्हर मिळेना. तेव्हा मेस्त्री म्हणाले, "आज गिअरबॉक्स खाली घितो. सीलवाल्याचं दुकान बंद हाय, पर त्यो माझ्या वळखीचा हाय, उद्या सकाळी अर्धं शटर उघडंल. दुपारी दोनपत्तुर देतो. न्हाई झालं, तर माझी जीप हाय. मी सोता सोडून येतो आज्जींना. भाऊबीज चुकायची न्हाई."

काम सुरू झाले. मी रात्रीपर्यंत तिथे उभा होतो, कारण हलावेसे वाटेना. गाडी वर उचलली, गिअरबॉक्समधले तेल काढले, चाकांकडे जाणारे दोन्ही एक्सल ओढले, तारा, केबली, बैठका, एकेक सुटत गेले. गिअरबॉक्स खाली आला. मग क्लच, त्यामागे जड फ्लायव्हील. ते सारे उतरल्यावर क्रँकशाफ्टच्या टोकाभोवती बांगडीएवढे एक काळे कडे दिसले. एवढ्यासाठी एवढे! व्याकरणात अनुस्वार असतो तसे ते सील. डोळ्यांत भरत नाही, आणि गेले की सगळा अर्थ गळतो.

मेस्त्रींनी ते उचकटून माझ्या तळहातावर ठेवले. बाहेरून पत्र्याचे कडे, त्याला चिकटवलेले रबर, आणि रबराच्या आतल्या धारेमागे केसासारखी बारीक स्प्रिंग. ही धार फिरत्या दांड्यावर अलगद टेकून असते. फार आवळली तर जळेल, फार सैल पडली तर गळेल. दांडा मिनिटाला हजारो फेरे घेतो आणि ही तिथेच, तेलाच्या पातळ थरावर, राखण करीत बसते. आमच्या सीलाची धार काचेसारखी कडक झाली होती. नखाने दाबली तर दबेना.

"आधी रबर कुठं हुतं?" मेस्त्री चहा घेता घेता म्हणाले. "जुन्या इंजिनांत चामड्याची सीलं असायची, न्हाईतर दोरीचं पॅकिंग. आमचं वडील उसाच्या मळ्यातली ऑइल इंजिनं दुरुस्त करायचं. त्येच्या आदी मोट. मोटेचं चामडं सुकलं की फाटायचं, म्हणून तेल पाजायचं. कोल्हापुरी पायताणाला पाजत्यात तसंच. वस्तू वापरात पायजे आन् तेलात पायजे."

आई दारातून म्हणाली, "खरं आहे. आमच्या विहिरीवर मोट होती. भाऊ बैलांमागे पळायचा." त्या दिवसातले तिचे हे पहिले लांब वाक्य.

रात्री विद्यार्थ्याच्या घरी मुक्काम झाला. "घर असताना लॉज कशाला, सर?" असे तो अशा स्वरात म्हणाला, की लॉज हा शब्द उच्चारल्याची मला लाज वाटली. जेवणानंतर मुलांना रंकाळ्यावर नेले. पाण्यात शाहूपुरीचे नव्हे, सगळ्या शहराचेच दिवे उतरल्यासारखे वाटत होते. मुले आकाशकंदील मोजत होती. मी सहा हजार आणि उद्याचा आकडा यांतले अंतर मोजत होतो.

भाऊबिजेच्या सकाळी नऊ वाजता अर्धे शटर उघडले. सील आले, क्लचचा संच आला, ब्रीदरचा व्हॉल्व्ह आला. मेस्त्रींनी दांड्यावरून नख फिरवले. जुन्या धारेने पोलादावर बारीक चरी पाडली होती. रबराने पोलाद झिजवावे, हे मला नवीन होते. "फार खोल न्हाई," ते म्हणाले, "नवं सील दोन मिलिमीटर मागंपुढं बसवू, म्हंजी धार कोऱ्या जागंवर यील." खोबण पुसून लख्ख केली, सीलाच्या धारेला तेल लावले, कारण कोरडी धार पहिल्याच फेऱ्यांत जळते; आणि सगळीकडून सारखे ठोकत, तिरके न होऊ देता, ते बसवले. प्रत्यक्ष सील बसवायला लागली पाच मिनिटे. त्याच्यापर्यंत जायला आणि परत यायला दीड दिवस.

बिल मी जपून ठेवले आहे. सील ५६० रुपये. क्लचचा संच ४,८००. ब्रीदरचा व्हॉल्व्ह ३५०. गिअरचे तेल ७५०. इंजिनाचे तेल आणि फिल्टर १,९००. मजुरी ४,५००. एकूण १२,८६०. यात सणाच्या दिवसाचा जादा पैसा एकही नव्हता. मी देऊ केला तो त्यांनी घेतला नाही. वर्षापूर्वी हेच काम सहा हजारांत झाले असते, कारण तेव्हा क्लच तेलात भिजलेला नव्हता. वरून घातलेल्या सहा लिटर तेलाचे सत्तावीसशे आणि त्या औषधाचे चारशे वेगळेच. वाचकांपैकी कोणाच्या गाडीखाली वर्तमानपत्र अंथरलेले असेल, तर हा हिशेब त्यांनी एकदा जरूर वाचावा. आणि गिअरबॉक्स उतरवण्याआधी वरचे पॅकिंग आणि ब्रीदर तपासून घ्यावा.

दोनला गाडी तयार झाली. मेस्त्री शेजारी बसून एक फेरी मारून आले, परत गाडीखाली शिरले आणि कोरडे बोट दाखवत बाहेर आले. आईने डबा उघडून त्यांच्या हातावर दोन अनारसे ठेवले. ते वाकून पाया पडले आणि म्हणाले, "आज्जी, सावकाश जावा."

कोल्हापूर मागे पडले. उसाचे मळे, मग भात, मग झाडी दाट होत गेली. गगनबावड्याला दरीतून धुके वर येत होते. घाट उतरताना कोणी बोलले नाही. माहेरच्या अंगणात गाडी उभी राहिली तेव्हा सूर्य नुकताच बुडाला होता. त्या घरावर कंदील नव्हता. मामी ओसरीवर उभी होती. आईने आत जाऊन पायही धुतले नाहीत. निरांजन पेटवले, आणि माडांच्या शेंड्यांमधून ती कोर दिसेपर्यंत तबक धरून उभी राहिली. मग हळूहळू ओवाळले. मामीने तिच्या कोपराला आधार दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाने सवयीने गाडीखालचे वर्तमानपत्र ओढून आणले. ते कोरडे होते. आईने ते पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि डब्यातली चकली त्या कागदावर काढून नातवापुढे ठेवली.

निघताना मामी म्हणाली, "आता मे महिन्यात या. आंबे उतरवायला माणूस नाही, पण झाडं आहेत."

मी सवयीने तोंड उघडले, "बघू मामी, गाडीचं..."

आई गाडीत बसत होती. ती थांबली.

"येतो," मी म्हणालो.